जखमेचे माप आणि भाकरीचे माप

व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राज्यकर्ते यांची अपेक्षा असते. आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत त्यात लढाई थोडी आणि हिशेब फार आहे. माणसाचा हात तुटला, डोळा गेला, पाय निकामी झाला, तर त्या नुकसानीचे माप कोणी, कशाने आणि कोणत्या हक्काने घ्यायचे, हा तो हिशेब होय. विषय रुक्ष आहे असे कोणी म्हणेल. पण ज्याला सकाळी उठून डॉक्टरांच्या बोर्डासमोर हात पुढे करून उभे राहायचे असते, त्याला तो मुळीच रुक्ष वाटत नाही. त्याच्या पुढच्या वीस-तीस वर्षांच्या भाकरीचा निकाल त्या पाच-दहा मिनिटांत लागत असतो.

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ मागे टाकले की किकवी लागते. भोर तालुक्यातले हे गाव. येथून खाली नीरा ओलांडली की शिरवळचे कारखाने, आणि उलट तोंड केले की पुण्याकडची कारखानदारी. या टापूतील कामगारांत आमची हयात गेली. आमची शाळा लवकर सुटली. जो काही कायदा आम्हाला येतो तो कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आला. या वर्षांत तीन प्रकारची माणसे आमच्याकडे पुन्हा पुन्हा आली. एकाची बोटे पॉवर प्रेसखाली गेलेली. दुसऱ्याचा हात कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात सापडलेला. तिसऱ्याने मुंबईत किंवा पुण्यात पाठीवर पोती वाहून कणा मोडून घेतलेला. तिघांचे दरवाजे निरनिराळे, तिघांचे अर्ज निरनिराळे. परंतु प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच: किती टक्के?

हा टक्का कोठून आला, हे पाहू.

जखम पाहून मोल ठरविण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. त्यात १६५९ सालच्या अफझलखानाच्या लढाईनंतर काय काय दिले गेले त्याची हकीकत आहे. जे पडले त्यांच्या मुलांचे चालविले; ज्याला मुलगा नव्हता त्याच्या बायकोस निम्मे वेतन दिले; आणि जे जखमी झाले त्यांना, जखम पाहून, दोनशे, शंभर, पन्नास किंवा पंचवीस होन दिले, असे तो सांगतो. कारीचे कान्होजी जेधे या मोहिमेत होते आणि कारी हे भोर तालुक्यातच आहे. तेव्हा त्या होनांपैकी काही याच खोऱ्यांतल्या घरांत आले असतील, असे मानायला हरकत नाही.

या नोंदीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे जखमेच्या चार पायऱ्या तेव्हाही होत्या. म्हणजे मोजणी होती. दुसरी म्हणजे, जखमेची रक्कम वेगळी आणि घर चालविण्याची व्यवस्था वेगळी, असा भेद होता. शिवाय जो जखम पाहत होता त्याला हा माणूस कोण, त्याने काय काम केले, हे ठाऊक होते. त्या व्यवस्थेला आम्ही आजचा न्याय म्हणणार नाही. देणाऱ्याच्या मर्जीवर ती उभी होती. शिपायाला तो हक्क म्हणून मागता येत नव्हता.

हक्क म्हणून मागणी झाली ती दोनशे पंचवीस वर्षांनी, मुंबईच्या गिरण्यांत. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला. पाच हजारांहून अधिक कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, या त्यातील मागण्या आज शाळेच्या पुस्तकातही सापडतात. पण आणखी एक मागणी होती, तिचा उल्लेख क्वचितच होतो. काम करताना इजा झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा पंगू झाला तर त्याच्या उपजीविकेची योग्य तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. त्याच वर्षी जुलैत जर्मनीमध्ये बिस्मार्कच्या सरकारने कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा मंजूर केला होता. बर्लिनचा प्रधान आणि मुंबईचे गिरणी कामगार एकाच वर्षी एकाच प्रश्नाला भिडले होते. फरक इतकाच की तेथे कायदा झाला आणि येथे अर्ज झाला.

रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. पंगू कामगाराच्या तजविजीला मात्र १९२३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात अपघातात मेलेल्यांच्या वारसांसाठी १८५५ चा एक कायदा होता. पण जो जिवंत राहिला आणि निकामी झाला, त्याने मालकाचा निष्काळजीपणा कोर्टात सिद्ध करायचा, असा मामला होता. ज्याला लिहिता येत नाही, वकील परवडत नाही आणि ज्याचे साक्षीदार त्याच गिरणीत नोकरीला आहेत, त्याने ते कसे सिद्ध करावे? इंग्लंडात १८९७ साली ही अट दूर झाली. कामावर इजा झाली एवढे पुरे, असे ठरले. आपल्याकडे १९२० मध्ये आयटक स्थापन झाली, पुढच्याच वर्षी ना. म. जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसले आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा झाला. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला.

या कायद्याच्या शेवटी एक कोष्टक जोडलेले होते. उजवा हात कोपरापासून किंवा वर तुटला तर शेकडा ७०, डावा तुटला तर शेकडा ६०. पाय गुडघ्याखाली गेला तर ५०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. इतर कोणतेही बोट ५. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते. आणि अवयव गेला तर त्याच्या शेकड्याप्रमाणे त्यातला हिस्सा. महिना ३० रुपये मिळविणाऱ्या गिरणी कामगाराचे ४२ महिन्यांचे होतात १,२६० रुपये. त्याच्या अंगठ्याचे होतात ३१५. कसाबसा साडेदहा महिन्यांचा पगार. आणि अंगठा तर उरलेल्या सगळ्या आयुष्याचा गेलेला!

कोष्टकाचा उपकार आम्ही नाकारीत नाही. त्याच्यामुळे मालकाशी घासाघीस करण्याची पाळी टळली. निरक्षर माणसालाही आपल्या बोटाचा दर सांगता येऊ लागला. पण कोष्टकाला काम दिसत नाही. साच्यावर तुटलेला धागा चिमटीत धरणाऱ्याचे बोट आणि डोक्यावर गाठोडे वाहणाऱ्याचे बोट, दोघांनाही एकच दर. डावखुऱ्या माणसाचा विचार तर त्या कोष्टकाला शिवलाही नव्हता. लोखंडे यांच्या अर्जाने उपजीविका मागितली होती. एकोणचाळीस वर्षांनी कायद्याने दिली ती अवयवाची किंमत. पुढचा सारा इतिहास या दोन मापांच्या ओढाताणीचा आहे.

समोरासमोरच्या तपासणीचे कलमही याच कायद्यात आले. कामगाराने अपघाताची नोटीस दिली आणि मालकाने तीन दिवसांच्या आत फुकट डॉक्टरी तपासणी देऊ केली, तर कामगाराने त्या डॉक्टरापुढे हजर राहिलेच पाहिजे. नकार दिला तर तेवढ्या काळापुरता भरपाईचा हक्क तहकूब. कायद्याच्या दृष्टीने ही साधी व्यवस्था आहे. कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर डॉक्टराची फी कोण देतो, हे त्याला दिसत असते. आमच्या पाहण्यातल्या एका प्रकरणात मालकाच्या डॉक्टराने दहा सांगितले, कामगाराच्या डॉक्टराने पस्तीस सांगितले, आणि बोट तर दोघांनी एकच पाहिले होते.

शिवाय हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. भोर तेव्हा पंत सचिवांचे संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. तोपर्यंत भोर संस्थानचा माणूस मुंबईच्या गिरणीत जायबंदी झाला तर त्याच्यापुढे कायद्याचा दरवाजा उघडा होता. आपल्याच गावात झाला तर तो कायदा संस्थानच्या हद्दीत आपोआप येत नव्हता. एकाच घरातल्या दोन भावांच्या हाडांना दोन कायदे!

स्वातंत्र्यानंतर पाऊल पुढे पडले. प्रा. आदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली होती. तेव्हा केंद्रात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्या पायावर १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन झाले. येथे महत्त्वाचा बदल असा की एकरकमी पैशाऐवजी आयुष्यभर चालणारी रक्कम आली. आजच्या दराने हिशेब करून पाहू. कामगाराची सरासरी रोजी ५०० रुपये असेल तर तिच्या शेकडा ९० म्हणजे ४५० रुपये हा पूर्ण अपंगत्वाचा दर. वैद्यकीय बोर्डाने कमाईच्या शक्तीची हानी ३० टक्के ठरविली तर दिवसाला १३५, महिन्याला सुमारे ४,०५० रुपये, जन्मभर. ही रक्कम मोठी नाही. पण ती दर महिन्याला येते, आणि गरिबाच्या घरात दर महिन्याला येणाऱ्या पैशाची पत वेगळी असते. १८८४ ची मागणी येथे अर्धीमुर्धी तरी पदरात पडली, असे आम्ही मानतो.

दरम्यान १९६२ च्या दुरुस्तीने कोष्टक बदलले. डावा-उजवा भेद गेला. अंगठ्याला ३०, एका हाताच्या तीन बोटांना ३०, चारही बोटांना ५० असे आकडे आले. अवयव जागेवर असला पण त्याचा उपयोग कायमचा गेला, तर तो गेल्यासारखाच धरावा, अशी टीप कोष्टकाखाली आहे. ही टीप प्रत्येक कामगाराने पाठ करावी. ताठ झालेले बोट हे नसलेलेच बोट आहे, एवढे त्याला ठामपणे सांगता आले पाहिजे.

मग १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. एका चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही इजा शंभर टक्क्यांची नव्हती, आणि मालकाचे म्हणणे तेच होते. पण कमिशनरने विचारले ते सुताराच्या कामाविषयी. एका हाताने करवत कशी चालणार? पटाशी धरायची कोणी आणि ठोकायची कोणी? तो सुतारकामाला कायमचा मुकला, म्हणून हानी शंभर टक्के, असे त्याने ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका दाव्यातही त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की शरीराच्या अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या हानीचा टक्का एकच असतो असे नाही. आधी माणूस कोणते काम करीत होता ते पाहा, आता कोणते करू शकेल ते पाहा, आणि मग आकडा घाला. आम्हाला या दोन निकालांचे मोल फार वाटते. कोष्टकाला जे दिसत नव्हते ते न्यायाधीशांनी पाहिले.

परंतु कारखान्याबाहेरच्या माणसाचे काय? त्याच्यासाठी १९९५ चा अपंग व्यक्तींचा कायदा आला. त्यानंतर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा झाला, तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सातांऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वे मान्य झाली. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातेही काढले. ही प्रगती खरी आहे. पण सवलतींची मुख्य पायरी ४० टक्क्यांची ठेवली गेली. संजय गांधी निराधार योजनेत राज्याने दिव्यांगांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये केले, तेही चाळीस टक्क्यांच्या वर असणाऱ्याला आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्याला. केंद्राच्या इंदिरा गांधी अपंग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के लागतात. एकोणचाळीस टक्के आणि चाळीस टक्के यांच्यात हाताला जाणवेल असा फरक नसतो, पण घरात येणाऱ्या पैशात तो पूर्ण असतो.

त्यात बेरजेचीही गंमत आहे. एका हाताचे ४० आणि पायाचे ३० असतील तर माणूस ७० समजून बसतो. मार्गदर्शिकेचा हिशेब निराळा. मोठ्या आकड्यात लहान आकडा सरळ मिळवीत नाहीत. नव्वदातून मोठा आकडा वजा करून जे उरेल त्याने लहान आकड्याला गुणायचे, नव्वदाने भागायचे आणि मग मिळवायचे. म्हणजे ४० आणि ३० यांचे होतात सुमारे ५७. यामागे वैद्यकशास्त्राचे कारण आहे. माणसाची हानी शंभराच्या वर जाऊ नये एवढाच त्याचा हेतू. पण हे त्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही, आणि मग आपले तेरा टक्के कोणी खाल्ले, असा संशय घेऊन तो घरी जातो.

आता त्या तीन माणसांकडे वळू. प्रेसवर तीन बोटे गेलेला कामगार विम्याखाली असेल तर त्याला जन्मभर काहीतरी मिळते. तोच ठेकेदाराकडे असेल आणि हजेरीपटावर नावच नसेल, तर आधी आपण कामगार होतो हेच त्याला सिद्ध करावे लागते. आणि दिव्यांग प्रमाणपत्र काढायला गेला तर तीन बोटांनी चाळीसची पायरी बहुधा गाठली जात नाही. शेतकऱ्याचा हात कडबाकुट्टीत गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून एक लाख रुपये मिळतात. पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण यांनाच. दुसऱ्याच्या शेतात त्याच यंत्रावर कडबा सारणाऱ्या भूमिहीन मजुराला ती योजना नाही. आणि ज्याची पाठ पोती वाहून गेली, त्याच्या कण्याला तर कोष्टकात ओळच नाही. एका दिवसात तुटते ते कायद्याला चटकन दिसते. वीस वर्षांत झिजते ते दिसत नाही.

तपासणीच्या दिवसाविषयीही बोलले पाहिजे, कारण इतिहासाचा सारा भार त्या दिवशी एका माणसावर येतो. किकवीहून पुण्याचे मोठे रुग्णालय गाठायचे म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पहिली एस. टी. पकडायची, बरोबर एक माणूस न्यायचा, म्हणजे दोघांची रोजी बुडते. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, जुने केसपेपर यांची पिशवी सांभाळायची. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो, म्हणून त्या दुकानदाराचेही पैसे. रांगेत बसून पाळी आली की डॉक्टर विचारतात, मूठ वळते का? हात वर जातो का? सांध्याचा कोन मोजतात, आकडा लिहितात, पुढचा माणूस बोलावतात. त्यांच्यापुढे दिवसभरात कितीतरी माणसे असतात. आम्ही त्यांना दोष देत नाही.

पण येथे आमच्या माणसाचा स्वभाव त्याच्या आड येतो. मावळातल्या माणसाला लहानपणापासून एकच शिकविलेले असते: होत नाही असे म्हणायचे नाही. मुकादमापुढे तो असेच बोलत आला, सासुरवाडीत असेच बोलत आला. साहेबांनी विचारले, हात वर जातो का, की तो दात आवळून हात वर नेतो आणि म्हणतो, जातो की! रात्री तो हात ठणकतो, बादली उचलता येत नाही, सदऱ्याची बटणे बायको लावते, हे त्याच्या तोंडून निघत नाही. इतरांपुढे, विशेषतः बायकोपुढे, ते सांगायची त्याला लाज वाटते. ज्या मानीपणावर त्याने आयुष्य काढले तोच मानीपणा त्या टेबलापाशी त्याचे टक्के कमी करतो. बायांचे तर याहून कठीण. त्यांचे घरकाम हे कामच धरले जात नाही, मग भाकरी थापता येत नाही हे सांगायचे कोणाला?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. बनावट प्रमाणपत्रे निघतात. धडधाकट माणसे नोकऱ्या व सवलती लाटतात. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गाजावाजा झाला. तेव्हा तपासणी कडक हवी, हे आम्हालाही मान्य आहे. लबाडाने घेतलेली जागा अखेर खऱ्या अपंगाचीच असते. पण कडकपणा आणि घाई या दोन गोष्टी वेगळ्या. लबाड माणूस घाईत निसटतो आणि खरा माणूस घाईत मारला जातो.

इंग्लंडचा अनुभव येथे उपयोगी पडेल. तेथे २०१३ पासून नव्या अपंग भत्त्यासाठी अवयवाचे टक्के न पाहता रोजची कामे विचारतात: स्वयंपाक, अंघोळ, कपडे, चालणे. प्रत्येकाला गुण, आठ गुणांना साधा दर, बारांना वाढीव. ऐकायला हे आमच्या मागणीसारखेच वाटते. पण ही तपासणी खाजगी कंपन्यांकडे ठेक्याने दिली गेली आणि तक्रारींचा पूर लोटला. न्यायाधिकरणापुढे गेलेल्या अपिलांपैकी मोठा हिस्सा अपंगांच्या बाजूने लागला. तात्पर्य, प्रश्न योग्य असून भागत नाही. विचारणाऱ्याला वेळ हवा, त्याचे हितसंबंध मोकळे हवेत, आणि चुकलेच तर वर दाद मागण्याची वाट जवळ हवी.

१९२३ आणि १९४८ चे ते दोन्ही कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कोष्टक तेथेही आहे. म्हणून आमचे मागणे तीन ओळींचे आहे. प्रत्येक बोर्डाच्या कागदावर, आकड्याच्या आधी, माणसाच्या कामाची एक रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय आकडा लिहू नये. ठरल्या वारी बोर्ड तालुक्याच्या ठिकाणी बसावे, म्हणजे मोडक्या पायाने पुण्याचा प्रवास घडणार नाही. आणि प्रमाणपत्राबरोबर हिशेब कसा केला व अपील कोठे करायचे, हे मराठीत लिहून हातात द्यावे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर जो उद्या बोर्डापुढे जाणार आहे त्याने एवढे करावे. आपण काय काम करीत होतो आणि त्यातले आता काय होत नाही, ते आदल्या रात्री कागदावर लिहून काढावे. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्यावे. घरच्या माणसाला बरोबर न्यावे आणि त्याला बोलू द्यावे. डॉक्टरांनी मूठ वळायला सांगितली तर जेवढी वळते तेवढीच वळावी आणि कोठे दुखते ते सांगावे. खरे तेवढेच सांगावे, पण खरे सगळे सांगावे. आकडा पटला नाही तर अपील करावे. ते करणे म्हणजे सरकारशी भांडण नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. सभासदाच्या काळात जखम पाहून होन मिळत होते ते देणाऱ्याच्या उदारपणाने. आज जे मिळते ते मागून, सभा भरवून, अर्जांवर अंगठे उठवून मिळविलेले आहे, आणि त्या अंगठ्यांतले काही यंत्रांनी पुढे खाल्लेही असतील. त्यांनी मागितलेल्या उपजीविकेचे देणे अजून फिटलेले नाही.